पाचारण फक्त पोलिसांनाच करायचं का?

प्रश्न असा आहे: एका चर्चच्या वर्धापनदिनाची पत्रिका हाती आली. प्रमुख पाहुण्यांची ओळख त्यात 'आंतरराष्ट्रीय सुवार्ताप्रसार, मंडळीस्थापना व पाळकीय प्रशिक्षणासाठी देवाचे पाचारण लाभलेले' अशी छापली आहे. पाचारण तर पोलिसांना नाहीतर अग्निशमन दलाला करतात. इथे 'आवाहन' किंवा 'निमंत्रण' हवं होतं का? आणि सरळ 'पाद्री' न म्हणता 'पाळक' कशाला?

पत्रिकेतला शब्द बरोबर आहे. उलट बातम्यांनीच त्याला दंगल आणि आग यांच्या दावणीला बांधून टाकलंय. रक्तदानाचं आवाहन सगळ्या गावाला असतं, ज्याला वाटेल तो येतो. निमंत्रण लग्नाचं, जेवण झालं की आपण मोकळे. पाचारण मात्र नेमक्या माणसाला, नेमक्या कामासाठी होतं, आणि बोलावणाऱ्याचा तेवढा अधिकार असतो. हातातलं टाकून निघायचं हे त्यात गृहीतच आहे. म्हणूनच बायबलमधल्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या मराठी भाषांतरात 'देवाचे वरील पाचारण' अशी शब्दयोजना आहे.

फरक पडतो तो क्रियापदात. बातमीत पाचारण 'करतात', तेही बहुधा 'करण्यात येतं'. ख्रिस्ती मराठीत ते 'असतं', 'होतं' किंवा 'लाभतं': 'मला सेवेचं पाचारण आहे' असं माणूस स्वतःबद्दल म्हणतो. 'देवाने पाळकांना पाचारण केले' हे व्याकरणाने चुकीचं नाही, पण वाचताना सायरन ऐकू येतो.

आता 'आंतरराष्ट्रीय'कडे. हा भाग दिसतो तेवढा आधुनिक नाही. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहाला, पवित्र आत्म्याचं सांगणं होतं, की बर्णबा आणि शौल यांना ज्या कामासाठी बोलावलं आहे त्यासाठी वेगळं करा. मंडळी उपास-प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवते आणि दोघं कुप्राला, म्हणजे सायप्रसला, जहाजाने जातात. बोलावणं आणि पाठवणं अशी ती जोडी आहे. 'प्रेषित' म्हणजे पाठवलेला. मूळ ग्रीक शब्दाचाही तोच अर्थ, आणि 'मिशन'च्या मुळाशी असलेलं लॅटिन क्रियापदही पाठवण्याचंच. (गंमत म्हणजे इतर मराठी वाचकाला 'प्रेषित' म्हटलं की आधी मुहंमद पैगंबर आठवतात. बायबलच्या मराठीत त्या अर्थाला 'संदेष्टा' आहे.) गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत पोचले ते याच अर्थाने 'पाठवलेले'. आज मराठी माणूसही याच कामासाठी परदेशी जाऊ शकतो, शब्दाला दिशेची अडचण नाही.

'सुवार्ता' म्हणजे चांगली बातमी. जुन्या भाषांतरांत 'शुभवर्तमान' जास्त भेटतं. वसईच्या कॅथलिकांच्या मासिकाचं नावही 'सुवार्ता'च आहे.

सगळ्यात मजेदार शब्द 'मंडळी'. आपण 'घरची मंडळी आलीत' म्हणतो, म्हणजे मनात अनेकवचन. आणि 'आमची मंडळी माहेरी गेली' म्हणणाऱ्या पिढीचा अर्थ तर आणखी वेगळा! ख्रिस्ती मराठीत मंडळी स्त्रीलिंगी एकवचनी आहे: मंडळी वाढते, मंडळी प्रार्थना करते. अनेकवचन 'मंडळ्या'. प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातल्या सात मंडळ्या आहेत. चर्च म्हणजे इमारतही असू शकते, मंडळी म्हणजे माणसंच. तेव्हा मंडळीस्थापनेला विटा-सिमेंट लागतंच असं नाही, कुणाच्या ओसरीवरही ती होते. इंग्रजीत या कामाला रोप लावण्याचा शब्द आहे, आणि पौलानेही (वरचा शौल तो हाच) करिंथकरांना आपण लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं असंच लिहिलंय. तरी मराठीत 'मंडळी लावणे' जिभेला रुचत नाही. 'स्थापणे' किंवा 'उभी करणे' बरं.

'पाद्री' पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला. अर्थ 'पिता', त्यात अपमान काही नाही. पण तो बहुतेक वेळा बाहेरच्यांच्या तोंडी असतो. प्रोटेस्टंट घरांत 'पाळकसाहेब' किंवा 'पास्टर' ऐकाल, कॅथलिक 'फादर' किंवा 'धर्मगुरू' म्हणतात. 'पास्टर' हा लॅटिनमध्ये मेंढपाळ. तेव्हा मेंढपाळातलाच 'पाळ' घेऊन केलेला 'पाळक' मला तरी 'पाद्री'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो. फक्त छापखान्यात ळ चा ल झाला की पाळकांची सभा शाळेतली पालकसभा होते.

माझी तक्रार पत्रिकेतल्या 'पाळकीय प्रशिक्षणा'बद्दल आहे. प्रशिक्षण पाळकांना द्यायचं की पाळकांनी इतरांना द्यायचं, कळत नाही. पुण्यातल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेत (ती 1983 साली यवतमाळहून पुण्याला आली) चालतं ते पाळक घडवण्याचं काम, मग तसंच म्हणावं. शिवाय 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण तिन्ही कामांना आहे की पहिल्यालाच, तेही अधांतरी राहतं. तिन्ही कामं परदेशांतली असतील तर मी ती ओळ अशी केली असती: 'देशोदेशी जाऊन सुवार्ता सांगणे, नव्या मंडळ्या उभ्या करणे आणि तिथले पाळक घडवणे यासाठी देवाचे पाचारण लाभलेले'. पत्रिकेवर अर्धी ओळ जास्त जाईल, पण 'पाचारण' बदलायची गरज नाही.