बारावीनंतर भूविज्ञान घ्यावे का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश मला असा समजला: माण तालुक्यातील एका गावातून तुम्ही यंदा बारावी विज्ञानाची परीक्षा दिली आहे, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीकडे ओढा नाही, भूगोल मनापासून आवडतो आणि पुण्याला जाऊन भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. करावे असे मनात आहे. मात्र ‘दगडं बघून पोट भरतं का’ असे घरचे विचारतात, आणि मुलीने रानोमाळ हिंडायचे काम पत्करावे का, याचीही त्यांना काळजी वाटते. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतले होते, त्याने अडेल का, हाही तुमचा प्रश्न आहे. मी भूविज्ञानात एम.एस्सी. केले असून गेली सतरा वर्षे भूजलाच्या कामात आहे, त्यामुळे या प्रश्नांपैकी बरेचसे मला माझ्याच घरात ऐकावे लागले आहेत.

माझे उत्तर असे की हा विषय जरूर घ्यावा, पण एम.एस्सी.पर्यंत शिकायचे असे आधीच ठरवून घ्यावा. या विषयात नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी कामे थोडी आहेत आणि त्यांत वर चढायला फारसा वाव नाही. तीन-चार वर्षांत कमावते व्हावेच लागेल अशी घरची परिस्थिती असेल, तर ती गोष्ट आजच वडिलांशी मोकळेपणाने बोलून घ्या.

भूगोल आवडतो म्हणून भूविज्ञान आवडेलच असे नाही. शाळेतल्या भूगोलात आपण नद्या, पर्वत, हवामान यांची वर्णने शिकतो. भूविज्ञानात त्याच पर्वताचा एक तुकडा हातात घेऊन तो कशाचा बनला आहे, केव्हा आणि कोणत्या तापमानाला बनला आहे, हे विचारायचे असते, आणि त्याची उत्तरे बहुतेक वेळा रसायनशास्त्रातून व भौतिकशास्त्रातून येतात. पहिले वर्ष तर स्फटिकांच्या लाकडी प्रतिकृती हातात फिरवण्यात, खनिजांचा कठीणपणा, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) आणि चमक पाहून ती ओळखण्यात आणि शेकडो नावे पाठ करण्यात जाते. ते काहीसे रूक्ष असते आणि बरीच मुले तिथेच कंटाळतात, हे तुम्हाला आधी माहीत असलेले बरे.

माझा कंटाळा गेला तो दुसऱ्या वर्षी, एका दगडी चकतीमुळे. खडकाची चकती कापून काचपट्टीवर चिकटवतात आणि कार्बोरंडम या कठीण पदार्थाच्या भुकटीवर घासत घासत 0.03 मिलिमीटर इतकी पातळ करतात; तेवढी पातळ झाली की काळ्याकुट्ट दगडातूनही प्रकाश आरपार जातो. मी आमच्या घराच्या पडलेल्या जोत्याचा एक तुकडा सुटीवरून येताना नेला होता. ती चकती तयार करायला मला दोन दुपारी लागल्या आणि पहिली चकती जास्त घासल्यामुळे हातातच विरून गेली. दुसरी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या लांबट काड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी भरलेल्या दिसल्या, त्यांच्या फटींत ऑजाइट या दुसऱ्या खनिजाचे पिवळे, निळे, गुलाबी कण दिसले, आणि मंचक, म्हणजे चकती ठेवायची गोल तबकडी, फिरवला की एकेक काडी उजळत होती व पुन्हा विझत होती. ज्या दगडावर बसून मी लहानपणी शेंगा सोलल्या होत्या, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवत गेलेला लाव्हा आहे हे वर्गात ऐकले होते. पण खरे वाटले ते त्या दुपारी.

आता महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची एक खास अडचण सांगते. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. त्यामुळे पुण्यात राहून नुसते आजूबाजूला हिंडले तर वळ्या पडलेले थर, संगमरवर, वालुकाश्म किंवा जीवाश्म यांतले काहीच प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही. ते पाहण्यासाठी बाहेर जावे लागते. कलादगी नावाचे गाळाच्या खडकांचे थर पाहायला कर्नाटकात बागलकोटकडे, अमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्यांचे जीवाश्म पाहायला कच्छमध्ये, जस्ताच्या खाणी पाहायला राजस्थानात जावरला अशा सहली चांगले विभाग काढतात. विदर्भातले विद्यार्थी या बाबतीत भाग्यवान आहेत, कारण चंद्रपूरचा कोळसा, नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज आणि सिरोंच्याचे जीवाश्म त्यांना घराजवळच आहेत. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत आणि नाव पाहण्यापेक्षा विभागात जाऊन नेमके हे विचारा की वर्षातून किती दिवस क्षेत्रकार्य होते, ते कुठे होते, त्याचा खर्च विद्यार्थ्यावर किती पडतो आणि एका सूक्ष्मदर्शकामागे किती मुले असतात. ‘क्षेत्रकार्य आता ऐच्छिक आहे’ असे उत्तर मिळाले, तर दुसरे महाविद्यालय पाहा.

बेसाल्टला मी अडचण म्हटले खरे, पण तो नीट वाचायला शिकल्यावर या एकाच खडकात आयुष्यभर पुरेल इतके काम आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाताना साधारण तेराशे मीटरचा चढ आपण लाव्ह्याच्या थरांवरून चढतो. त्या थरांच्या गटांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशीच नावे दिलेली आहेत आणि जगभरचे संशोधक आपल्या निबंधांत हीच नावे लिहितात. आमचे सर घाटात पायी चालवत आणि दर वळणावर थांबवून विचारत, ‘इथे थर बदलला का?’ डोळ्यांना सगळे सारखेच काळे दिसे. हळूहळू लक्षात आले की प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट असतो, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, पुढे ती छिद्रे झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात, आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा गेरूचा पट्टा असतो. मात्र पोलादपूर गट संपून आंबेनळी गट कुठे सुरू झाला हे नुसत्या नजरेने ठरत नाही. ते ठरले दगडांच्या रासायनिक पृथक्करणातून, अत्यल्प प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यांच्या मोजणीतून. रसायनशास्त्राची पुस्तके बारावीनंतर रद्दीत घालू नका, असे मी म्हणते ते यासाठी.

या सगळ्याचा पोटाशी संबंध काय, असे तुमचे वडील विचारतील. तो संबंध दुष्काळी माण तालुक्याइतका दुसरीकडे कुठे स्पष्ट दिसेल असे मला वाटत नाही. काही वर्षांपूर्वी तुमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याने मला बोलावले. त्यांनी नारळ हातावर धरून जागा दाखवणाऱ्याच्या सांगण्यावरून तीन बोअर मारले होते, तिसरा पाचशे फुटांवर गेला होता, आणि तिन्हींतून धुरळ्याशिवाय काही निघाले नव्हते. चौथ्यासाठी जनावरे विकायची त्यांची तयारी चालली होती. मी बोअरकडे न जाता आधी शेजारच्या जुन्या विहिरीत उतरले. वर सात-आठ फूट मुरूम, त्याखाली विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो मऊसर, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक, मग हातभर जाडीचा गेरूचा पट्टा, आणि त्याखाली एकसंध काळा पाषाण, ज्यात फट म्हणून नव्हती. मे महिना होता, तरी गेरूच्या बरोबर वरच्या बाजूने कातळ ओला होता आणि बोट लावले की थेंब जमत होता. पाणी मुरमातून आणि मांजऱ्यातून झिरपत येऊन गेरूच्या चिकट थरावर अडत होते. खाली चारशे फूट घट्ट पाषाणात ते असणार तरी कुठे? वाळूच्या प्रदेशात पाणी कणांच्या मधल्या जागेत साठते. बेसाल्टमध्ये ते वरच्या झिजलेल्या भागात, सांध्या-भेगांत आणि थरांच्या जोडावर साठते, त्यामुळे खोल गेले म्हणजे पाणी लागते हा हिशेब इथे चालत नाही. मी त्यांना चौथा बोअर न मारता तीच विहीर गेरूच्या पातळीवर आडवी वाढवायला आणि वरच्या ओढ्यात पाणी जिरवायला सांगितले. पुढच्या उन्हाळ्यात विहीर तुडुंब भरली असे मी म्हणणार नाही, पण जनावरांना आणि दीड एकर डाळिंबाला पाणी पुरले, आणि गोठ्यातली जनावरे गोठ्यात राहिली. तुमच्या तालुक्याला असे सांगू शकणाऱ्या माणसांची फार गरज आहे, आणि ती माणसे फार कमी आहेत.

नोकऱ्यांचे चित्र असे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा घेतो. तिच्यातून 1851 साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूमिजल मंडळात निवड होते, आणि त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. ओएनजीसीसारख्या तेल-वायू काढणाऱ्या कंपन्या गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर किंवा स्वतःच्या परीक्षेतून भूवैज्ञानिक घेतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, नागपूरचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे, मँगनीजच्या खाणी चालवणारी मॉयल ही सरकारी कंपनी आहे, आणि बोगदे, धरणे, मेट्रो यांच्या कामांवर खडकाची तपासणी करणाऱ्या खासगी सल्लागार संस्था आहेत. पाणलोटाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांतही जागा असतात, पगार मात्र बेताचा असतो. सरकारी जागा थोड्या निघतात आणि राज्यातल्या जाहिरातींसाठी कधी कधी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. माझ्या वर्गातल्या दोन अत्यंत हुशार मुलांनी ती वाट पाहून अखेर बँकेची परीक्षा दिली, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून एका परीक्षेची तयारी आणि एक हातातले कौशल्य, मग ते उपग्रहचित्रांवरून नकाशे करणे असो वा जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचे सर्वेक्षण करणे असो, अशा दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू ठेवा. एम.एस्सी.साठी पुणे, नागपूर, सोलापूर आणि गोवा विद्यापीठांचा विचार करता येईल, आणि जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीचाही.

मुलीने हे काम करावे का, याचे माझे उत्तर ‘होय’ असे आहे, पण काळजी निराधार आहे असेही मी घरच्यांना सांगणार नाही. दिवसभर डोंगरावर स्वच्छतागृह नसते, पाळीच्या दिवसांतही चालावे लागते, आणि परक्या गावात मुक्काम करावा लागतो. सुरुवातीच्या एका कामावर मला ‘मॅडम, तुम्ही गाडीत बसा, नमुने आम्ही आणतो’ असे सांगण्यात आले होते. मी उतरले आणि नमुने स्वतः फोडले, कारण कुणी आणून दिलेल्या दगडावरून तो थरात कुठे होता हे कळत नाही. 2019 पर्यंत भूमिगत खाणीत काम करायला स्त्रियांना कायद्यानेच मनाई होती. त्या वर्षी ती शिथिल झाली आणि खाणींची वाट आता मुलींनाही खुली झाली आहे. आमच्या वेळी वर्गात आम्ही चार मुली होतो, आता मी व्याख्यानाला जाते तेव्हा निम्म्याहून अधिक बाके मुलींची असतात. घरच्यांना शक्य असेल तर प्रवेशाच्या दिवशी विभागातल्या एखाद्या प्राध्यापिकेशी प्रत्यक्ष बोलू द्या. माझ्या आईची काळजी तशीच मिटली.

गणिताने सहसा अडणार नाही. थरांची नती आणि नतिलंब, म्हणजे थर किती कलला आहे आणि कोणत्या दिशेने पसरला आहे, ज्यांना वर्गात सगळे डिप आणि स्ट्राइकच म्हणतात, यांसाठी दहावीपर्यंतची त्रिकोणमिती पुरते. भूभौतिकीकडे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या साधनांनी पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करण्याकडे, वळायचे असेल तर मात्र गणित व भौतिकशास्त्र पक्के लागते. ती शाखा आपल्याकडे किती महत्त्वाची आहे हे 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या आणि 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपांनी दाखवून दिले. किल्लारीला खोल छिद्र पाडून विंधन घेतले तेव्हा 338 मीटरवर बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेजवळ त्यासाठी नऊशे मीटरहून अधिक खोल जावे लागले. त्या खालच्या खडकात काय चालले आहे ते ऐकण्याचे काम भूभौतिकीचे आहे.

प्रवेश सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर तुमच्या गावात कुठे विहीर खोदली जात असेल तर वडिलांना बरोबर घेऊन काठावर जा, वरपासून खालपर्यंत दगडाचा रंग आणि पोत कुठे कुठे बदलतो ते वहीत फुटांच्या अंतरासह लिहा, आणि खोदणाऱ्यांना त्या प्रत्येक थराला ते काय म्हणतात ते विचारून घ्या. ती वही घेऊन विभागात गेलात, तर काय विचारावे हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.