ती भडंग करते, पण खात नाही

‘मॅडम, नाचणाऱ्या मुलीला बारीक राहावं लागतं, हे कळतं मला. पण आमची खाईनाच झालीय. वयाचं खूळ म्हणून सोडून द्यायचं का?’

सांगलीतल्या विश्रामबागेत, माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न आता बऱ्याच आया विचारतात. या आईच्या मुलीला मुक्ता म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय १५, दहावीचं वर्ष, सात वर्षं भरतनाट्यम. मे महिन्यात ती पुण्याला बॅलेच्या शिबिराला गेली. तिथे कुणीतरी आरशासमोर उभं करून सांगितलं, ‘तीन-चार किलो उतरव, मग बघ कशी दिसतेस.’ ऑक्टोबरपर्यंत वजन ५२ वरून ४१ वर आलं. घुंगरांचा पट्टा सैल झाला, तर तिने कंपासच्या टोकाने त्याला नवं भोक पाडलं.

आईने एक गोष्ट अगदी जाता जाता सांगितली. रविवारी मुक्ता मोठ्या कढईत भडंग करायची. शेंगदाणे तळायची, लसूण ठेचायची, चुरमुरे परतायची आणि आजी-बाबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना वाट्या भरून द्यायची. मग साबण लावून हात धुवायची. दोनदा. बोटाला लागलेलं तेलसुद्धा पोटात जाऊ नये म्हणून. ‘खाण्याची एवढी आवड आहे तिला, मग खात का नाही?’ आई विचारत होती.

ती आवड नव्हती, उपासमार होती. मुक्ताला ॲनोरेक्सिया झाला होता, म्हणजे वजन वाढेल या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग झाला होता. हळूहळू त्यांना खाण्याखेरीज काही सुचेना. पाकक्रियेची पुस्तकं वाचत बसायचे, एकेक जेवण चघळत कितीतरी वेळ बसायचे, चिडायचे, थंडीने कुडकुडायचे. त्यांना काही बारीक दिसायची हौस नव्हती. शरीर उपाशी राहिलं की मन असंच वागतं. मुक्ताही भर ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर घालून आली होती.

आणि इथे माझी चूक झाली. पहिल्या दोन भेटी मी तिच्याशी नुसतं बोलत राहिले. आरसा, शिबिर, स्वप्नं, सगळं. ती हुशारीने उत्तरं द्यायची आणि घरी जाऊन अर्धी चपाती तुकडे करून ताटात फिरवत ठेवायची. खरं तर पहिल्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी नाडी मोजली तेव्हा ती मिनिटाला ४४ भरली, धोक्याइतकी कमी. पाळी पाच महिने आली नव्हती. ‘दहावीचं टेन्शन’ म्हणून घरच्यांनी ते सोडून दिलं होतं. आठ दिवस दवाखान्यात राहावं लागलं, कारण इतक्या उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातलं फॉस्फरस घसरून हृदयावर बेतू शकतं.

म्हणून खूळ की आजार, याचा फैसला घरी बसून करू नका. वाढत्या वयात वजन उतरतंय, पाळी थांबलीय, चक्कर येतेय, जेवल्याबरोबर उलटी काढायला बाथरूमचं दार लागतंय, तर आधी नाडी, रक्तदाब, रक्ततपासणी आणि ईसीजी. नुसती चर्चा नंतर.

बॅलेत हा आजार जुना आहे. जुन्या-नव्या ३३ अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा बॅले नर्तकांत खाण्याच्या विकाराचं प्रमाण सुमारे १६ टक्के दिसलं. एकूण नर्तकांना इतरांपेक्षा धोका साधारण तिप्पट. आपल्याकडे तालमीतली पोरंही वजनगटासाठी पाणी तोडतात, ते आपल्याला ओळखीचं आहे. मुलींचं मात्र आपण कौतुक करतो, ‘किती मेंटेन केलंयस!’ या कौतुकाचा मला मनापासून राग येतो. हाडं भरायचं हेच वय. पाळी थांबली की हाडं कमकुवत होतात, आणि अनवाणी पायांनी फरशीवर तट्टडवु, म्हणजे भरतनाट्यमची पाय आपटण्याची पायरी, करताना नडगीला बारीक चीर जायला वेळ लागत नाही.

‘आमचं काय चुकलं?’ बाबांनी विचारलं. मी म्हटलं, ते शोधत बसू नका, तुम्ही तिचं औषध आहात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून आलेली पद्धत किशोरवयीन मुलांसाठी उपयोगी ठरली आहे: काही काळ जेवणाचा निर्णय मुलीचा नाही, आईबापाचा. तिला पटेपर्यंत थांबायचं नाही, कारण उपाशी मेंदूला पटतच नाही. तीन जेवणं, तीन वेळा मधलं खाणं. ताट आईने वाढायचं, कुणीतरी शेजारी बसायचं, वाद घालायचा नाही आणि संपेपर्यंत उठायचं नाही.

बाबा मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितात. दुपारी एक वाजता ते घरी यायला लागले. पहिल्या दिवशी दीड चपातीला एक तास दहा मिनिटं लागली. मुक्ता रडली, वाटी ढकलली, आमटी त्यांच्या शर्टावर सांडली. ते एवढंच म्हणत राहिले, ‘बाळा, एवढं संपव. मी बसलोय.’ शर्ट न बदलता तसेच पेढीवर गेले.

सरळ रेषेत काही झालं नाही. डिसेंबरात आजी प्रेमाने म्हणाली, ‘आता कशी भरलीस गं!’ आणि मुक्ताने दोन दिवस दूध तोंडाला लावलं नाही. या आजारात ‘भरलीस’ म्हणजे ‘जाड झालीस’ असंच ऐकू येतं. तेव्हापासून घरात अंगाबद्दल बोलणं बंद. चांगलंही नाही, वाईटही नाही.

नाच पाच महिने थांबवला होता, आणि तिला ते उपाशी राहण्यापेक्षा जड गेलं. तिच्या गुरूंनी अरंगेत्रम, म्हणजे तिचं रंगमंचावरचं पहिलं एकल सादरीकरण, वर्षभर पुढे ढकललं, वर्गात वजनाचा विषय काढायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. पाळी पुन्हा सुरू झाली आणि डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, इतकंच सुरू केलं.

आता ती अकरावीत आहे. महिन्यातून एकदा येते. परवा सांगत होती, नव्या पोशाखाची मापं द्यायला गुरू स्वतः तिच्याबरोबर शिंप्याकडे गेल्या होत्या. टेप लावताना तिने पोट आत ओढून घेतलं, सवयीने. गुरूंनी ते पाहिलं, पण तिला काही बोलल्या नाहीत. शिंप्याला म्हणाल्या, ‘दोन्ही बाजूंना माया जास्त सोडा.’