स्वित्झर्लंडमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बर्फातली डोंगरी गावं बघायची असतील तर कुठे आणि कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या कामासाठी नोव्हेंबरपासून तीन महिने बर्नला राहणार आहात, सोबत बायको आणि सहा वर्षांची मुलगी आहे, आणि शनिवार-रविवारी बर्फातली गावं बघायचीत. काही वर्षांपूर्वी आम्हीही अगदी ह्याच दिवसांत ऑनसाइटच्या निमित्ताने बर्नला होतो. मुलगीही साधारण एवढीच. म्हणून सांगतो.

आधी वाईट बातमी. नोव्हेंबर हा तिथला मधला, ओस महिना. उन्हाळ्याचे पर्यटक गेलेले, स्कीवाले यायचेत. हॉटेलवाले सुट्टीवर जातात आणि बऱ्याच केबल कार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात. निघण्याआधी केबल कारच्या वेबसाइटवर बंदच्या तारखा बघा. आम्ही बघितल्या नव्हत्या. पहिल्याच रविवारी बंद दारासमोर उभं राहून डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि परत आलो.

दुसरं म्हणजे बर्नचं आभाळ. ह्या दिवसांत सखल भागावर धुक्याचा एक थर बसतो आणि आठवडाभर हलत नाही. खिडकीबाहेर सगळं करडं, दुपारी दिवा लावायची वेळ. हवा वाईट आहे असं समजून आम्ही दोन शनिवार घरात काढले. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसातल्या स्थानिक सहकाऱ्याने हसत हसत वेबकॅम उघडून दाखवला: वर लख्ख ऊन! धुकं खाली, डोंगर त्याच्या वर. तिथे त्याला 'नेबेलमेअर' म्हणतात, म्हणजे धुक्याचा समुद्र. तेव्हापासून शनिवारी सकाळी चहाआधी वेबकॅम बघायची सवय लागली. आता गाव कसं निवडायचं हे विचाराल तर माझं एकच उत्तर आहे: नावावरून नको, त्या सकाळच्या वेबकॅमवरून आणि गावाच्या उंचीवरून निवडा. डिसेंबरच्या सुरुवातीला लाउटरब्रुनेनसारख्या ८०० मीटरवरच्या गावात नुसता चिखल असू शकतो आणि त्याच दिवशी वर १,६०० मीटरवर गुडघाभर बर्फ.

म्हणून पहिली फेरी म्युरेनची करा. उंची १,६३८ मीटर, कड्याच्या काठावर वसलेलं, गाड्यांना बंदी. आपल्या माथेरानसारखंच, फक्त लाल मातीच्या जागी पांढरं. बर्नहून इंटरलाकेन ओस्ट, तिथे गाडी बदलून लाउटरब्रुनेन, मग केबल कारने ग्रुच्आल्प आणि तिथून कड्याच्या कडेने जाणारी छोटीशी रेल्वे. एक गंमत लक्षात ठेवा. इंटरलाकेनहून निघालेल्या गाडीचे झ्वायल्युचिनेन स्टेशनवर दोन तुकडे होतात. एक लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी न वाचता बसलात तर आमच्यासारखे ग्रिंडेलवाल्डला उतराल. (तेही सुंदर आहे, पण सकाळी सहाला उठलेल्या बायकोला ते पटवणं अवघड जातं.)

म्युरेनमध्ये काय करायचं? काही नाही, चालायचं. समोर युंगफ्राउ शिखर, मध्ये खोल दरी, आणि बाकी शांतता. ताजा कोरडा बर्फ पायाखाली कसा वाजतो माहितीये? कॉर्नफ्लोअरची पिशवी चिमटीत दाबून बघा, हुबेहूब तोच आवाज. लाकडी घरांच्या भिंतीला सरपण इतकं नेटकं रचलेलं असतं की फडताळच वाटावं. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून अशा बऱ्याच गावांत रोज संध्याकाळी एका घराची खिडकी सजवून उजळतात, २४ तारखेपर्यंत रोज एक नवी. ६ डिसेंबरच्या आसपास गेलात तर सामिक्लाउस, म्हणजे तिथला संत निकोलस, भेटू शकतो. तो मुलांना शेंगदाणे आणि संत्री देतो. आमची मुलगी त्याच्या काळ्या कपड्यातल्या जोडीदाराला घाबरून माझ्या जॅकेटमध्ये शिरली होती.

म्युरेनहून खाली गिमेलवाल्डला चालत जाता येतं. उतार आहे, आणि इथेच मी आपटलो. दिवसा थोडा वितळलेला बर्फ सावलीत पुन्हा गोठतो, त्याची काच होते आणि वरून दिसत नाही. पायात पुण्याहून आणलेले स्पोर्ट्स शूज. शेजारच्या घरातून एक आजी बादली घेऊन आल्या. मला वाटलं गरम पाणी असेल. होती बारीक खडी. माझ्याकडे न बघता त्यांनी ती वाटेवर पसरली आणि मग बोटाने माझे बूट दाखवून मान हलवली. एवढी स्पष्ट टीका मला आजवर कुठल्या मॅनेजरनेही केलेली नाही. तर, घोट्यापर्यंतचे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घ्या आणि बुटांवरून चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे. सुती मोजे आणि जीन्स नको, ओले झाले की वाळत नाहीत.

गुलाबी पाट्यांच्या वाटांवरच चाला, त्या हिवाळ्यात चालण्यासाठी राखलेल्या असतात. पिवळ्या पाट्या नेहमीच्या पायवाटांच्या, त्यांवर बर्फात कोणी लक्ष देत असेलच असं नाही. हिमकडे कोसळण्याचा इशारा रोज जाहीर होतो, तो बघून निघा. अंधार पाचच्या सुमारासच पडतो, आणि म्युरेनवर ऊन त्याही आधी डोंगराआड जातं. पण तेव्हा घाईने खाली उतरू नका. समोरची शिखरं अजून उन्हात असतात आणि हळूहळू गुलाबी होतात.

एक मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या टोकाला, एंगाडिन खोऱ्यातल्या गुआर्दा गावाला करा. प्रवास लांबचा आहे, वाटेत १९ किलोमीटरचा फेराइना हा रेल्वेचा बोगदा लागतो. स्टेशन खाली, गाव वर, मध्ये पिवळी पोस्टाची बस. इथली घरं लाकडी नाहीत, जाड भिंतींची दगडी आहेत. खिडक्या बाहेरून रुंद आणि आत निमुळत्या, नरसाळ्यासारख्या, म्हणजे उजेड आत यावा आणि थंडी बाहेर राहावी. भिंतींवर ओला गिलावा खरवडून काढलेली नक्षी असते. गावाने जुनी घरं जपली म्हणून १९७५ साली त्याला वाकर पुरस्कार मिळाला. लोक रोमांश बोलतात. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर आम्ही तिघं आणि एक मांजर.

झेरमाट? बघा, पण गाव म्हणून नाही, दुकानांची रांग म्हणून. युंगफ्राउयोख, म्हणजे उंच खिंडीतलं रेल्वे स्टेशन, महाग आहे आणि ते गाव नाहीच.

पैशाचं थोडक्यात: पहिल्याच आठवड्यात हाफ फेअर कार्ड काढा, रेल्वे-बस आणि बहुतेक केबल कारना निम्मं तिकीट लागतं. मुलीसाठी ज्युनियर कार्ड, म्हणजे ती तुमच्याबरोबर फुकट. खाणं घरून न्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

मुलगी थकेल का, असंही विचारलंय. थकेल. म्हणून लाकडी स्लेज भाड्याने घ्या. तिथे लोक मुलांना आणि किराण्याला एकाच स्लेजवर बसवून ओढत नेतात. आमची दोरी मी ओढत होतो, आणि मागून दर पाच मिनिटांनी आवाज यायचा, "बाबा, जोरात!"