फोन घ्यायला बजेट नाही, वेबसाइट टचस्क्रीनवर कशी टेस्ट करू? क्रोममधला मोबाइल मोड पुरेसा आहे का?

नाही, पुरेसा नाही. जरा तावातावाने लिहितोय, कारण याच मुद्द्यावरून आधीच्या कंपनीत टीम लीडशी माझं चांगलंच वाजलं होतं. त्याचं पालुपद एकच, "क्रोममध्ये नीट दिसतंय ना, मग झालं."

दिसणारच की! मोबाइल मोडमध्ये खिडकी अरुंद होते, माउसचं बोट होतं, पण इंजिन (ब्राउझरचा पेज रंगवून दाखवणारा गाभा) कॉम्प्युटरवरचंच राहतं आणि मुख्य म्हणजे कीबोर्ड वर येत नाही. आमचा एक लांबलचक नोंदणी फॉर्म होता, 'पुढे जा' बटण स्क्रीनच्या तळाला फिक्स केलेलं. ऑफिसात धूळ खात पडलेला, काच तडकलेला एक अँड्रॉइड मी चार्ज केला, फॉर्म उघडून खालच्या रकान्यात टॅप केलं, तर कीबोर्ड वर आला आणि त्याच्यासोबत ते बटणही वर सरकून नेमकं त्याच रकान्यावर येऊन बसलं. म्हणजे टाइप काय करतोय तेच दिसेना. लीड म्हणतो, जुना फोन आहे, त्यावर कोण बघतं. म्हटलं ठीक, तुझा आयफोन दे. तिथे टॅप केल्या केल्या पेज झूम झालं (इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असला की सफारी हे करतंच) आणि बटण कीबोर्डखाली गायब. तरी पठ्ठ्याने तो बग 'सुधारणा' म्हणून नोंदवला!

तर एक जुना, स्लो अँड्रॉइड कुणाकडून तरी मागून आणा. स्लोच हवा. फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी डीबगिंग (केबलवरून फोन तपासू देणारी सोय) चालू करून केबल लावा, कॉम्प्युटरवरच्या क्रोमच्या इन्स्पेक्ट पेजवरून फोनमधलं पेज थेट तपासता येतं, तिथेच पोर्ट फॉरवर्डिंग केलंत तर लोकलहोस्ट, म्हणजे अजून फक्त तुमच्या कॉम्प्युटरवरच चालणारी साइटसुद्धा फोनवर उघडते. आयफोन कुणाचा तरी अर्धा तास मागा. युरोपियन युनियनसारख्या काही ठिकाणची सूट सोडली तर आयफोनवरचं क्रोमही आतून वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन असतं, त्यामुळे सफारीत पाहिलं की बरंचसं काम झालं. होव्हरवर, म्हणजे क्लिक न करता माउस नुसता वर नेला की उघडणारे मेनू आधी बघा, बोटाला होव्हर नसतो. बटणांच्या आकारासाठी ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगलची मटेरियल ही डिझाइन नियमावली ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं). डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम) मधले २४ पिक्सेल ही किमान मर्यादा आहे, डिझायनर तोच आकडा पुढे करत असेल तर त्याला एका हातात फोन धरून अंगठ्याने फॉर्म भरायला लावा, बाकी काही बोलू नका.

मोबाइल मोड अगदीच टाकाऊ नाही हां, लेआउट कुठे तुटतोय ते बघायला आणि नेटवर्क स्लो करून बघायला मीही रोज वापरतो. भाड्याने मिळणारे क्लाउडवरचे फोनही ठीक, पण स्क्रोल अडखळतोय तो साइटमुळे की त्यांच्या कनेक्शनमुळे हे कळत नाही. आणि तुमचे बहुतेक युजर आयफोनवाले असतील तर माझा क्रम उलटा करा, आधी ॲनालिटिक्स उघडून बघा.