ऑर्गनच्या टोनसाठी कोणता कीबोर्ड घ्यावा?

प्रश्न : माझा ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड बराच जुना झाला आहे. नाट्यसंगीताच्या बैठकीत साथ करतो. पण ‘ऑर्गन’ लावला की कधी चर्चमधला, तर कधी सिनेमातला आवाज येतो. नवा घेताना काय पाहू?
(एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : कीबोर्डवाले ‘ऑर्गन’ या एकाच नावाखाली तीन वेगळी वाद्यं देतात : हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन, चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन आणि रीडचा ऑर्गन. आपल्या रंगभूमीवरची पायपेटी ही तिसऱ्या जातीची. जनरल मिडीच्या (बहुतेक कीबोर्डवर सारखेच क्रमांक असलेल्या टोनच्या) यादीत १७, १८, १९ हे हॅमंडच्या वळणाचे टोन आहेत, २० चर्चचा आणि २१ रीड ऑर्गन. पुस्तिकेतली यादी शून्यापासून मोजलेली असेल तर रीड ऑर्गन २० वर सापडेल. आधी जुन्याच कीबोर्डवर तो लावून बघा.

तरीही आवाज निर्जीव वाटेल, आणि त्याचं कारण पायात आहे. पायपेटीत भाता पायाने चालतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात आणि धरलेला सूर मध्येच फुलवता येतो. कीबोर्डवर हे काम एक्स्प्रेशन पेडल करतं. स्वस्त मॉडेलना मागे फक्त सस्टेन पेडलचं भोक असतं. सस्टेनने सूर लांबतो, पण त्याचा जोर कमी-जास्त होत नाही. त्यामुळे एक्स्प्रेशनची सोय नसलेला कीबोर्ड, त्यात आठशे टोन असले तरी, तुमच्या उपयोगाचा नाही. पेडल शक्यतो त्याच कंपनीचं घ्या. जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. चुकली तर निम्म्या प्रवासापर्यंत काहीच होत नाही आणि मग आवाज एकदम उसळतो.

दुकानात जाताना स्वतःचा हेडफोन न्या. रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) बंद करा, कारण त्यांच्या आड कच्चा टोनही गोड लागतो. मग मधल्या सप्तकातली एक पट्टी वीस सेकंद दाबून ठेवा. ठरावीक वेळाने ‘वँव’ असा हेलकावा आला, तर रेकॉर्ड केलेला छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो आहे. षड्ज धरून ठेवायचा असताना हा दोष कानाला फार खुपतो. नंतर खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी वाजवा. दोन शेजारच्या पट्ट्यांत आवाजाचा पोत अचानक बदलायला नको.

टच रिस्पॉन्स (पट्टी जितक्या जोरात दाबाल तितका मोठा आवाज) बंद करता येतो का, तेही विचारा. पायपेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून सूर मोठा होत नाही. टच चालू राहिला तर जलद तानेतले हलके पडलेले सूर गळतात.

स्केल ट्यूनिंग (एकेक सूर वेगळा चढवण्या-उतरवण्याची सोय) असेल तर जरूर घ्या. कीबोर्डचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे १०० सेंट) चढा असतो. तो −१४ केला की तानपुऱ्याशी बसतो. गायक काळी एकवरून पांढरी दोनवर गेला आणि तुम्ही षड्ज हलवलात, तर ही दुरुस्तीही सोबत सरकते का, हे दुकानातच तपासा. न सरकल्यास भलताच सूर उतरलेला लागेल.

ड्रॉबारसाठी (हॅमंडचा टोन घडवणाऱ्या सरकत्या दांड्यांसाठी) मात्र जादा पैसे मोजू नका. नाट्यसंगीतात त्यांचा उपयोग जवळजवळ नाही.

प्रश्न : आमच्या ऑर्केस्ट्राला हॅमंडचाच आवाज हवा आहे.
(एक वाचक, पुणे कॅम्प)

उत्तर : मग ड्रॉबार हवेतच, आणि नऊच्या नऊ हवेत. यामाहा वायसी६१ किंवा वापरलेला रोलँड व्हीआर-०९ पाहा. पहिले तीन ड्रॉबार पूर्ण उघडा, बाकी बंद ठेवा, पर्कशन (सुराच्या सुरुवातीचा ‘टक’) चालू करा आणि पट्टी न सोडता पुढची दाबा. खऱ्या हॅमंडमध्ये ‘टक’ पहिल्याच सुराला येतो. सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय तो पुन्हा येत नाही. मग फिरत्या स्पीकरचा (हॅमंडला जोडतात त्या स्पीकरच्या नकलेचा) वेग बदला. वरचा भोंगा लगेच वेग घेतो, खालचा ढोल काही सेकंदांनी. दोन्ही एकदम बदलले तर नक्कल कच्ची आहे. मिक्सरला डावी-उजवी अशा दोन्ही वायरी लावा; एकाच वायरीत हा फिरता परिणाम निम्मा मरतो.