न दुखणारी गाठ आणि आधीच लागलेला निकाल

‘चेहऱ्यावर गाठ आहे, ती दुखत नाही, म्हणजे कॅन्सरच असणार’ हे वाक्य मनातली भीती घेऊन माझ्याकडे येणारी माणसे थोड्याफार फरकाने सतत बोलून दाखवतात. त्यांतल्याच एका शिक्षिकेची हकीकत, ओळख पटणार नाही अशा बेताने आणि त्यांच्या परवानगीने, येथे देत आहे.

त्यांच्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी सुपारीएवढी गाठ होती आणि वर्षभरात ती किंचित वाढली होती. फळ्याकडे वळल्या की बोट आपसूक तेथे जाई. डॉक्टरांकडे जाणे मात्र त्या टाळत होत्या. मावशींच्या स्तनातली गाठही सुरुवातीला दुखली नव्हती, आणि ती कॅन्सरची निघाली होती.

मी त्यांना धीर दिला नाही. ‘काही नसेल गं’ असे घरचे रोज सांगत आणि त्याचा असर संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. प्रसंगापेक्षा त्याविषयी आपण स्वतःशी काय बोलतो, यातून भीती पोसली जाते, असे मानणाऱ्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा मी आहे. म्हणून एका भेटीत मी विचारले, “ही गाठ उद्यापासून दुखू लागली, तर तुम्हाला हायसे वाटेल का?”

“छे! मग वाटेल, पसरला.”

“म्हणजे दुखली तरी कॅन्सर, नाही दुखली तरी कॅन्सर.”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “सर, मग वर्षभर मी बोटाने तपासत काय होते?”

हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा, यासाठीच आधीच्या भेटी खर्ची पडल्या होत्या, आणि तो माझ्या तोंडून न येता त्यांच्या तोंडून आला याचे मला आजही समाधान आहे. निकाल मनात आधीच लागला होता. चाचपणे केवळ त्याला दुजोरा देण्यासाठी होते.

वेदना नसणे हे कॅन्सरचे लक्षण नव्हे आणि निर्धोकपणाची हमीही नव्हे. त्वचेखाली साचलेल्या द्रव्याची पिशवी, चरबीची मऊ गाठ, दात किंवा घशाच्या संसर्गानंतर सुजलेली, संसर्गाशी लढणारी लसिका ग्रंथी, कानापुढच्या लाळग्रंथीतली गाठ, यांपैकी बहुतेक दुखत नाहीत. या लाळग्रंथीतल्या सुमारे 80 टक्के गाठी कॅन्सरच्या नसतात. गाठ दगडासारखी टणक असेल, हलत नसेल, झपाट्याने वाढत असेल, तिच्यावरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वा बधिर पडू लागली असेल, तर विनाविलंब जावे. तंबाखू खाणाऱ्यांनी तर अधिकच जागरूक राहावे. यांतले काहीही नसले, तरी टिकून राहिलेली गाठ एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावीच.

अशा गाठीतल्या पेशी बारीक सुईने काढून तपासतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीतीही त्यांच्या मनात होती. त्या बारीक सुईमुळे कॅन्सर पसरणे अतिशय विरळा असते, तपासणी टाळण्याने होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे, हे त्यांनी शल्यचिकित्सकांकडूनच समजून घेतले.

सोनोग्राफी आणि सुईच्या तपासणीत लाळग्रंथीची साधी, म्हणजे कॅन्सरची नसलेली, गाठ निघाली. अशी गाठ वर्षानुवर्षे राहू दिल्यास क्वचित कॅन्सरमध्ये बदलू शकते, म्हणून ती काढण्याचा सल्ला मिळाला. चेहऱ्याच्या हालचाली सांभाळणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, हे ऐकून त्या पुन्हा घाबरल्या. पण या वेळी त्यांनी प्रश्न वहीत लिहिले, शल्यचिकित्सकांना एकेक करून विचारले आणि शस्त्रक्रियेची तारीख स्वतःच ठरवून मला कळवली.