गच्चीवरून लघुग्रह ओळखायचा कसा?

प्रश्न : नातू सातवीत आहे. विचारत होता की आजोबा, आपल्या इथून कोणी लघुग्रह शोधलाय का, आणि तो ताऱ्यासारखाच दिसतो तर ओळखतात कसा? मला काही सांगता आलं नाही.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आजोबा, नातवाला सांगा की लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारे छोटे खडकाळ गोळे, आणि ते आपल्या इथून शोधलेत, एका माणसानेच पाच! नॉर्मन पॉगसन नावाचा इंग्रज 1861 च्या सुरुवातीला मद्रासच्या वेधशाळेत रुजू झाला आणि 17 एप्रिलला त्याला एक लघुग्रह सापडलासुद्धा, आशिया खंडातून सापडलेला पहिलाच म्हणून त्याचं नाव एशिया ठेवलं. पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला, व्हेरा. त्याआधी ऑक्सफर्डला तीन शोधून झाले होते ते वेगळेच. यातल्या सिल्व्हियाला तर दोन चंद्र आहेत, ते आत्ता 2001 आणि 2004 मध्ये कळले.

आता ओळखायचा कसा. तेव्हा फोटोबिटो नव्हते, आकाशाचा एक तुकडा घ्यायचा, दिसेल तो प्रत्येक तारा नकाशावर मांडायचा आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी बघत राहायचं, जो ठिपका सरकला तो आपला. मी वेस्टा नावाचा तेजस्वी लघुग्रह असाच बघितला, बायनॉक्युलर गच्चीच्या कठड्यावर टेकवून वहीत अकरा ठिपके काढले, तिसऱ्या रात्री दहा जागच्या जागी आणि एक सरकलेला, खरं सांगतो अंगावर काटा आला. राजवाड्याजवळच्या उजेडात मात्र जमणार नाही, शहराबाहेर अंधारात न्या त्याला. आणि सुरुवात वेस्टापासूनच करा, एशिया फार अंधुक आहे.

मला स्वतःला पॉगसनचं मोठं काम वाटतं ते ताऱ्यांच्या प्रतीचं, म्हणजे तारा किती तेजस्वी दिसतो ते मोजण्याचं. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा 100 पट तेजस्वी, म्हणजे एका प्रतीला साधारण 2.512 पट, हा हिशोब त्याने 1856 मध्ये मांडला आणि आजही सगळे तोच वापरतात.

तीस वर्षं तो मद्रासलाच राहिला, 1891 मध्ये तिथेच वारला. मुलगी इसिस त्याची असिस्टंट होती, 1886 मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी या इंग्लंडमधल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या सदस्यत्वासाठी तिचं नाव सुचवलं तर बाई म्हणून घेतलं नाही, शेवटी 1920 मध्ये घेतलं, याचा मला अजून राग येतो. आणि त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी, त्यांनी 1867 मध्ये दक्षिण आकाशातला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा, तारा शोधला, हे नाव नातवाला जरूर सांगा.

वही कागदाचीच घ्या, आणि प्रत्येक पानावर तारीख-वेळ लिहायला लावा, नाहीतर तिसऱ्या रात्री कुठलं पान कधीचं तेच कळत नाही.